जंगल आणि हिशेबाची वही

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी वाघ पाहिलाय? पिंजऱ्यातला नाही हं, जंगलातला, मोकळा! बहुतेकजण म्हणाल, "छे! जंगल सफारी म्हणजे पैसेवाल्यांचं काम." माझी नववीतली भाची अगदी असंच म्हणायची. गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ माझ्याकडे कल्याणला आले होते. टीव्हीवर वाघ बघता बघता तिने विचारलं, "मामा, खरा वाघ बघायला किती पैसे लागतात रे?"

मी म्हटलं, "वही काढ. आपण हिशेबच करू."

तिने एक जुनी दोनशे पानी वही काढली, वर 'वाघ' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्या वहीचीच ही गोष्ट.

पहिला प्रश्न, कुठलं जंगल? धाकट्याला गेंडा हवा होता. गेंडा म्हटला की आसामचं काझीरंगा नाहीतर नेपाळचं चितवन. दोन्ही जंगलं सुरेख, पण आपल्याकडून तिथे पोचायलाच दोन-तीन दिवस लागतात, आणि अर्धे पैसे प्रवासातच संपतात. म्हणून आमचा पहिला नियम ठरला, जवळचं जंगल आधी. तुम्हाला ठाऊक आहे का, आपल्या महाराष्ट्रात एक नाही, दोन नाही, सहा व्याघ्रप्रकल्प आहेत! मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. आम्ही ताडोबा निवडलं. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे जंगल १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. राज्यातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. तारू नावाच्या एका गोंड गावप्रमुखाला वाघाशी झुंजताना मरण आलं, तोच पुढे देव झाला आणि त्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं, अशी कथा सांगतात. तळ्याच्या काठी त्याचं देऊळही आहे.

दुसरा प्रश्न, कधी? पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, मुख्य जंगल बंद असतं. हिवाळ्यात हवा छान, पण गर्दी खूप. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या वर जातो, अंगाची लाही लाही होते! पण तेव्हा छोटे पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर प्राणी येतात, आणि गवत वाळल्यामुळे दूरवरचं दिसतं. शिवाय तुम्हाला सुट्टी! म्हणून मे. त्यातही शनिवार-रविवार टाळायचे, कारण त्या दिवशी प्रवेशशुल्क जास्त असतं.

मी ऐटीत सोमवारी पोचायचं आणि मंगळवारी सफारी करायची असा बेत लिहिला. दोन दिवसांनी भाचीचा फोन, "मामा, मंगळवारी जंगल बंद असतं! तू वाचलंच नाहीस का?" काय सांगू, मोठेपणाची सगळी हवाच गेली! बेत एक दिवस पुढे सरकला. तुम्ही आरक्षण करायच्या आधी सुट्टीचा वार नक्की बघा बरं का.

आता गंमत ऐका. प्रवेशशुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाइडचा मोबदला हे तिन्ही गाडीमागे असतात, माणसामागे नाहीत. एका जिप्सीत सहाजण बसतात. दोघंच गेलात तर प्रत्येकावर निम्मा भार, सहाजण असाल तर फक्त सहावा हिस्सा! आम्ही पाच होतो, मी, ताई, भावजी आणि ही दोन पोरं. धाकट्याने लगेच शेजारचा मित्र पकडून आणला. सहावी जागा भरली.

कल्याणहून नागपूर रात्रीच्या गाडीने, साध्या स्लीपर डब्यातून. झोपही झाली आणि एका रात्रीचं लॉजचं भाडंही वाचलं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी भावजी घड्याळाकडे डोळे लावून बसले होते. नागपूरहून चंद्रपूर एसटीने. तिथून मोहर्ली गाव तीसेक किलोमीटर, तेही एसटीनेच. रिसॉर्ट आम्ही फक्त रस्त्यावरून पाहिलं! गावातल्या एका घरी दोन खोल्या घेतल्या. जेवायला गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि अशी झणझणीत चटणी, की धाकट्याने तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. दुर्बीण भावजींच्या मित्राची मागून आणलेली. नवे कपडेही नाहीत, घरातलेच मळखाऊ रंगाचे काढले. पोरांनी रद्दी विकून ६४० रुपये उभे केले होते, तेही वहीत 'जमा' बाजूला चढले.

बुधवारी पहाटे साडेपाचला आम्ही फाटकावर हजर. पाळीप्रमाणे एक गाइड आमच्या गाडीत चढले. पन्नाशीचे, मोहर्लीचेच. त्यांनी किती काय काय दाखवलं! ऐनाचं झाड, त्याची साल थेट मगरीच्या पाठीसारखी. कांडोळाचं पांढरं खोड, चांदण्यात ते चमकतं म्हणून त्याला भुताचं झाडही म्हणतात. रस्त्याकडेला गोंड राजांच्या काळचे म्हणून सांगतात ते दगडी खांब. तळ्यात ओंडक्यासारखी पडलेली मगर. पण माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. कोअरमधली, म्हणजे गाभ्याच्या जंगलातली, ही एकच फेरी आम्हाला परवडणार होती. सहा महिन्यांचा बेत, आणि साडेआठ वाजले तरी वाघ नाही!

एवढ्यात चितळ ओरडलं. मग माकडं खोकल्यासारखी ओरडू लागली. मग सांबराचा तो मोठा 'ढांक्!' गाइडनी गाडी थांबवली, हळूच म्हणाले, "बांबूत हाय. वाघीण हाय." आम्ही श्वास रोखून बसलो. दहा मिनिटं, वीस, चाळीस. एकदा बांबू हलला, एवढंच. समोरून एक जुनी, मोडकी पायवाट आत जात होती.

आणि मित्रांनो, तेव्हा मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी पुढे वाकून ड्रायव्हरला म्हटलं, "जरा आत घ्या ना गाडी. पाचशे रुपये वर देतो."

ड्रायव्हरने गाइडकडे पाहिलं. गाइड माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "नाई जमत, भाऊ. रस्ता सोडून गाडी उतरली, तर उद्यापासून माहं काम बंद. अन् तिची पिल्लं हायेत तिकडं. ती घाबरली तर पिल्लं उचलून दुसरीकडं जाईन." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमी उद्या घरी जासान. आमाले हितंच ऱ्हायचं हाय तिच्यासंगं."

कुणीच काही बोललं नाही. वाघीण काही बाहेर आली नाही.

दुपारी खोलीवर भाची वही घेऊन बसली होती. बराच वेळ पेन नुसतं हातात. मग खालीच बघत म्हणाली, "मामा, ते काका हो म्हणाले असते, तर ते पाचशे रुपये मी कशाखाली लिहायचे होते? प्रवास? जेवण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असतं का?

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. स्वस्तात सहल करायची म्हणजे खर्च कमी करायचा, हे ठीक. पण तो कुठे कमी करायचा? आपली झोप, आपलं जेवण, आपली ऐट, इथे खुशाल करा. पण जंगलाच्या नियमात काटकसर नाही आणि गाइडच्या कष्टात घासाघीस नाही. आपण प्रवेशशुल्क भरतो ते जंगलात जाण्याचं. वाघ दिसण्याचं तिकीट नसतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर गाइडकाका भेटले. मी पोरांच्या समोरच म्हटलं, "काका, काल माझं चुकलं." ते हसले, म्हणाले, "होते असं. पैसे खर्चून येते न माणूस." मग त्यांनी पोरांना सांगितलं, की उन्हाळा लागला की गावातल्या बाया अंधारात मोहफुलं वेचायला निघतात, तेव्हा एकटी कुणी जात नाही. का, ते पोरांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

त्या दुपारी आमची बफरमधली फेरी होती. कोअरच्या भोवतालच्या पट्ट्याला बफर म्हणतात. तिथलं शुल्क कमी असतं, म्हणून ती आम्हाला परवडली. आधी मी तिला दुय्यम समजत होतो. पण त्या दिवशी घड्याळ मी खिशातच ठेवलं. संध्याकाळी एका पाणवठ्यावर रानकुत्री आली, मोजून सात! एकेक पाण्यात बसून गार होत होतं, आणि एक पिल्लू दुसऱ्याची शेपटी ओढत होतं. धाकटा इतका गप्प बसलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. आत मोबाइल वापरायला बंदी आहे, त्यामुळे फोटो नाही. सगळं डोळ्यांतच आणलं.

परतीच्या गाडीत भाचीने हिशेब पुरा केला. बेरीज बरोबर आली, ८५ रुपये उरले. शेवटच्या पानावर तिने 'न दिसलेला वाघ' असं लिहिलं, समोर रकमेच्या जागी रेघ मारली, आणि खाली 'पुढच्या वेळी: नागझिरा' असं लिहून ठेवलं.

तर दोस्तांनो, तुमच्या घरीही एखादी अर्धी कोरी वही असेलच. नकाशा उघडा, तुमच्या गावाला सर्वांत जवळचं जंगल शोधा, सुट्टीचा वार बघा, सहाजणांची टोळी जमवा. आणि जाऊन आलात की काय काय दिसलं ते मला नक्की कळवा. वाघ नाही दिसला, तर ते आधी कळवा!