समुद्राकडे पाठ करून

"गोव्याचं माहेर? मग काय बाई, रोज समुद्रावर फिरायला जात असशील!" 1984 साली लग्न होऊन मी सांगलीला आले, तेव्हा पहिल्याच हळदीकुंकवाला हे ऐकलं. मैत्रिणींनो, खरं सांगू? लग्नापूर्वी मी समुद्र पाहिला होता तो मोजून चार वेळा. आमचं घर फोंडा तालुक्यातलं. तिथे दारापुढे वाळू नसते, मागे कुळागर असतं. सुपारी, नारळ, केळी, मिरीचे वेल आणि मधून झुळझुळणारा पाट.

आणि देवळं! मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, एका सकाळी सगळी होतात. इतकी जवळजवळ का, ते आजीने सांगितलं होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी, बारदेस, तिसवाडीतली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी आपले देव इकडे आणले. फोंडा तेव्हा त्यांच्या अमलात नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, दोघंही जुवारी ओलांडून. सासरी पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा मी मनाशी म्हणायची, अगं, देवांनासुद्धा गाव सोडून नदीपलीकडे संसार मांडावा लागला, तुझं काय घेऊन बसलीस!

गोवा 1961 साली मुक्त झाला, पण घटक राज्य झाला तो 30 मे 1987 ला. त्या दिवशी मी मणगणं केलं. चण्याची डाळ नि साबुदाणा मऊ शिजवायचा, गूळ घालायचा आणि शेवटी नारळाचं दाट दूध नि वेलची. (दाट दूध घातल्यावर उकळी आणू नका हं, फुटतं.) सासूबाईंनी विचारलं, "आज कसला सण?" म्हटलं, "माझं माहेर राज्य झालं." मला वाटलं, हसतील. त्यांनी वाटी पुढे केली, "अजून घाल."

आता आई नाही. घराला वर्षभर कुलूप. भाऊ म्हणतो, "चांगली किंमत येतेय, ठेवून करायचंय काय?" त्याचंही चुकतं असं नाही, पावसाळ्यात कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. तरी गेल्या चवथीला मी हट्टाने सूनबाईला घेऊन गेले. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, तोरिंजनं, काकड्या आणि रानातली कितीतरी फळं-पानं टांगायची. चवथीआधी फोंड्याला माटोळीचा बाजार भरतो, तो एकदा तरी बघाच. हॉटेलवाले तिकडे नेणार नाहीत, तुम्हीच विचारत जा.

सूनबाई एकेका फळावर बोट ठेवून नाव विचारत होती आणि वहीत लिहून घेत होती. दोन फळांची नावं मला आठवेनात. शेजारच्या म्हाताऱ्या काकींना हाक मारली. त्या काठी टेकत आल्या, वर पाहिलं आणि आधी मलाच म्हणाल्या, "गाठ सैल बांधलीयस गो."