दरीतलं पाणी कुणाचं

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
एप्रिल

चि. सायलीस,


परवान्याच्या सोडतीत तुमचा नंबर लागला नाही, म्हणून तळाला मुक्काम न करता ग्रँड कॅन्यन एका दिवसात उतरून चढायचा बेत तुम्ही चौघांनी केला आहे. तो मला पटलेला नाही, हे आधीच लिहून टाकते. एका दिवसात जाऊन यायला परवाना लागत नाही, हे खरं. पण परवाना लागत नाही याचा अर्थ ते जमण्यासारखं आहे असा घेऊ नकोस. मे ते सप्टेंबर या काळात नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतू नका, असं खुद्द उद्यानाचे रेंजर दरवर्षी बजावतात, आणि तुम्ही येताय मे अखेरीस.

तू अलंग-मदन-कुलंग केलेली मुलगी आहेस. कातळाला तू बिचकत नाहीस, घसाऱ्यावर तुझा पाय ठरतो. म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. या दरीत अडकतात ते बहुतेक दमदार, तरुण, सवयीचे लोक. वाट रुंद आहे, बांधलेली आहे, खेचरांचे तांडे तिच्यावरून रोज जातात. दोर लागत नाही, हात टेकावा लागत नाही. उतरताना अंगाला काही जाणवतच नाही.

सह्याद्रीत आपण सकाळच्या थंडाव्यात चढतो आणि ऊन तापल्यावर, थकल्यावर उतरतो. थकलेला माणूस कसाबसा का होईना, उताराने पायथ्याच्या गावात येऊन पडतो. इथे उतार आधी आणि चढ शेवटी. साउथ कैबाबच्या वाटेने नदीपर्यंत सुमारे 11 किलोमीटर आणि 1,450 मीटर उतार. ब्राइट एंजलच्या वाटेने वर यायला 15 किलोमीटर आणि 1,340 मीटर चढ. बारीहून कळसूबाई चढतेस ना, त्याच्या जवळजवळ दीडपट, तोही दुपारच्या उन्हात, मांड्या आधीच उतारावर ताठल्यावर. उतरताना शरीराचं सगळं वजन मांडीचे स्नायू ताणून धरत असतात, त्यातच ते थकतात, आणि पुढे चढायचं त्यांनाच असतं. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरावा, हा तिथला ढोबळ हिशेब आहे.

नाशिकलाही 40 अंश होतंच, असं तू म्हणशील. पण त्या दिवसांत आपण डोंगरात जातो का? करवंदांसाठी जातो सकाळी, भंडारदऱ्याला काजवे बघायला जातो तेही रात्री. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठाची उंची 2,100 मीटर, तिथे मे महिन्यातही पहाटे स्वेटर लागतो. तळाशी त्याच दिवशी 12-14 अंश जास्त. मे अखेरीस पस्तिशी सहज ओलांडते, जूनमध्ये चाळीस. काठावर उभं राहून हवा छान आहे म्हणून निघालेला माणूस दर तासाला एकेका ऋतूत खाली उतरत असतो. तिथला घाम दिसत नाही, कारण तो येता येताच वाळतो. शर्ट कोरडा असतो, कॉलरवर फक्त मिठाची पांढरी रेघ उमटते. आपल्याकडे दमट हवेत घामाने निथळलं की आपोआप थांबावंसं वाटतं. इथे शरीर ती खूणच देत नाही.

आता पाण्याबद्दल. साउथ कैबाबवर काठापासून नदीपर्यंत पाण्याचा थेंब नाही, सावलीही जवळपास नाही. स्केलेटन पॉइंटवरून नदी पहिल्यांदा नीट दिसते, हिरवट, अरुंद. ती पाहून हुरूप येतो आणि लोक पुढे निघतात. पण ती नदी अजून सहाएक किलोमीटर लांब असते, आणि त्या टप्प्यावरून मागे वळायची हिंमत फार थोड्यांना होते. म्हणून तुम्हाला एकाच दिवसाचं करायचं असेल तर सीडर रिजवरून, म्हणजे अडीच किलोमीटरांवरूनच मागे फिरा. तिथपर्यंतचं दृश्य काही कमी नाही. लाल कातळाचा एक सपाट पदर आणि चारी बाजूंना उघडलेली दरी.

पाणी आहे ते ब्राइट एंजलच्या वाटेवर. साधारण अर्ध्यावर, काठापासून सात किलोमीटरांवर आणि 925 मीटर खाली, एक झरा आहे आणि त्याच्या आजूबाजूला मोठमोठे कॉटनवुड वृक्ष. रखरखीत तांबड्या उतारावर अचानक हिरवं बेट लागतं. मी त्या झाडांखाली बसले तेव्हा वरून उतरणारा प्रत्येक माणूस तिथे पोचताच आपोआप हळू बोलायला लागत होता. या जागेला आज हवासुपाई गार्डन्स म्हणतात. 2022 पर्यंत नकाशावर वेगळं नाव होतं, इंडियन गार्डन. पण बाग ज्यांची होती ते लोक तिथे नव्हते.

सायली, हे तुला माहीत असावं असं मला फार वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हवासुपाई, म्हणजे या दरीतले मूळ रहिवासी, उन्हाळ्यात झऱ्यांकाठी शेती करायचे, मका, घेवडा, भोपळा लावायचे, आणि हिवाळ्यात वर पठारावर शिकारीला यायचे. ब्राइट एंजलची वाट मुळात त्यांची. पुढे राल्फ कॅमेरून नावाच्या माणसाने ती वाट रुंद केली, खाली जाणाऱ्या प्रत्येकाकडून एक डॉलर टोल घ्यायला लागला. 1919 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. टोल चुकवता यावा म्हणून उद्यानाने स्वतःची दुसरी वाट बांधली, ती ही साउथ कैबाब. नदीवर झुलता पूल हवा होता. त्याच्या पोलादी तारा एवढ्या लांब आणि जड की खेचरांच्या पाठीवर मावेनात. तेव्हा हवासुपाई पुरुषांनी एकामागे एक उभं राहून एकेक अखंड तार खांद्यावर घेतली आणि वळणावळणाने ती तळापर्यंत नेली. पूल 1928 मध्ये पूर्ण झाला. आणि त्याच 1928 मध्ये त्या झऱ्याकाठी उरलेला शेवटचा हवासुपाई रहिवासी बिली बुरो याला तिथून जबरदस्तीने हलवलं गेलं.

एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी मी शेजारी ठेवते तेव्हा मला राग येतो. आजही त्या पुलावरून जाणारे हजारो लोक ती तार कुणाच्या खांद्यावरून आली हे जाणत नाहीत. 1975 च्या कायद्याने त्या लोकांना सुमारे 1,85,000 एकर जमीन परत मिळाली, ती पश्चिमेकडे. त्यांचं सुपाई गाव आजही दरीच्या तळाशी आहे. तिथे गाडीरस्ता नाही, काठापासून तेरा किलोमीटर चालत जावं लागतं आणि टपाल खेचरावरून येतं. निळ्या धबधब्यांचे जे फोटो तू मला पाठवले होतेस, ते त्यांच्या अंगणातले आहेत.

नाणेघाटातली टाकी तुला आठवतात? दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कातळ खोदून ठेवला, म्हणून आजही घाट चढून आलेल्याला पाणी मिळतं. गडावर पोचल्यावर आपण आधी टाकं शोधतो आणि त्याआधी खालच्या गावात विचारतो, कोणतं पाणी पिण्याचं, कोणतं गुरांचं. तीच रीत इथे लागू पडते, फक्त विचारायला गाव नाही. नळ दिसतात, पण त्यांत पाणी येतं ते उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्जमधून, दरी ओलांडून आणलेल्या जवळजवळ साठ वर्षं जुन्या नळाने, आणि तो नळ वारंवार फुटतो. फुटला की वाटेवरचे सगळे नळ कोरडे. म्हणून आदल्या दिवशी बॅककंट्री कार्यालयात जाऊन विचारायचं, उद्या कुठले नळ चालू आहेत, आणि बंद असलेला एखादा धरूनच पाणी भरायचं. उतरताना माणशी चार लिटर. चार किलो होतात, होऊ देत.

नुसतं पाणीही घात करतं. तासन् तास पाणी पीत राहिलं आणि खाल्लं नाही की रक्तातलं मीठ उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोलणं असंबद्ध होतं. सोबती म्हणतात, ऊन लागलंय, अजून पाणी दे. आणि त्याने तब्येत आणखी बिघडते. तिथल्या रेंजरांना हे इतकं ओळखीचं झालंय की वाटेत भेटलेल्याला ते आधी ‘काय खाल्लंस’ हे विचारतात. तेव्हा दर घोटामागे घास. भाजलेले शेंगदाणे, खारा चिवडा, लिंबाचं लोणचं लावलेल्या दशम्या, राजगिऱ्याचे लाडू. चिवडा मी करून ठेवते. सकाळी दहा ते दुपारी चार पाय उचलायचाच नाही, सावलीत बसायचं. झऱ्याजवळ शर्ट आणि टोपी भिजवून अंगावर घालायची. नदीत मात्र उतरायचं नाही. वरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या पोटातून सुटलेलं पाणी आहे, गार आणि प्रचंड ओढीचं.

माझा खरा आग्रह असा. दोन दिवस आधी पोचा. रद्द झालेले परवाने आयत्या वेळी मिळू शकतात. मिळाला तर कैबाबने उतरून तळाशी ब्राइट एंजलच्या तळावर दोन रात्री राहा, मग पहाटे चार वाजता निघून फक्त झऱ्यापर्यंत चढा, तिसरी रात्र तिथे काढा आणि शेवटचा चढ सकाळी संपवा. त्या संध्याकाळी तिथून प्लॅटो पॉइंटला जा, सपाट वाट आहे. असं सावकाश राहिलात तरच दरी दिसेल. काठावरचा चुनखडक 27 कोटी वर्षांचा आणि नदीजवळचा काळा, चमकदार, उभ्या रेघांचा खडक पावणेदोनशे कोटींचा. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्यापुढे कालचाच. त्या काळ्या खडकाला विष्णू शिस्ट म्हणतात, वरच्या एका शिखराच्या नावावरून. विष्णू, शिव अशी नावं 1880 च्या सुमारास क्लॅरन्स डटन या भूशास्त्रज्ञाने दिली. त्या खडकावर हात ठेवून बसायला वेळ हवा, आणि एका दिवसाच्या धावपळीत तो मिळत नाही.

परवाना मिळाला नाहीच, तर दोन सकाळी दोन छोटे पल्ले करा. एक सीडर रिज, दुसरा थेट झऱ्यापर्यंत आणि परत, पण तोही पहाटे निघून, आणि हवा मवाळ असेल तरच.

नंतर युटातल्या अरुंद घळीत जायचं म्हणतेस. सांदण दरी पाहिलेली असल्याने तुला तिची ओढ वाटणं साहजिक आहे. आपण सांदणला पावसाळ्यात जात नाही, कारण पाऊस डोक्यावर दिसतो. इथे तो दिसत नाही. 12 ऑगस्ट 1997 ला अ‍ॅरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनमध्ये अकरा जण वाहून गेले, आणि पाऊस पडला होता कित्येक किलोमीटर लांब. उघड्या खडकात पाणी मुरत नाही, ते सगळं घळीत येतं. जुलै ते सप्टेंबर तिथला पावसाळा, तुम्ही त्याआधी आहात, तरी त्या दिवशीचा इशारा वाचल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. आणि कुठे जाताय ते कागदावर लिहून मला द्या. अ‍ॅरन राल्स्टनचा तो सिनेमा तू पाहिला आहेस. 2003 मध्ये त्याचा हात दगडाखाली अडकला तेव्हा तो कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि पाच दिवसांनी त्याला स्वतःचा हात कापून सुटावं लागलं.

सराव नाशिकलाच सुरू कर. ब्रह्मगिरी पाठीवर सहा लिटर पाणी घेऊन चढ, आणि पाणी वर ओतू नकोस, तेवढंच वजन घेऊन उतरसुद्धा. मांड्या तयार होतात त्या उतरताना. मी इथे डेलावेअर-रॅरिटन कालव्याकाठी सॅक भरून चालते. आमच्या वेस्ट विंडसरला चढ म्हणून नाहीच. 1830 ते 1834 या काळात आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्याने खणलेला हा कालवा आहे. 1832 च्या पटकीत त्यातले कितीतरी गेले. कोळशाच्या बोटी ओढणारी खेचरं ज्या वाटेने जायची तिच्यावरून आम्ही सकाळी फिरतो, आणि मध्य न्यू जर्सीतल्या कितीतरी घरांत आजही याच कालव्याचं पाणी येतं. खऱ्या चढासाठी दर शनिवारी माउंट टॅमनीला जाते. मी काठापर्यंत तुमच्याबरोबर येणार आहे, झऱ्यापर्यंतही उतरेन.

नेवार्क ते फीनिक्स तिकिटं काढण्याआधी चौघांत बोलून ठरवा आणि मला कळवा: परवान्यासाठी आधी पोचणार की दोन छोटे पल्ले करणार. तुमच्यातल्या कुणाला रक्तदाबाची गोळी असेल तर तेही लिही, डॉक्टरांना उन्हातल्या चालण्याबद्दल मुद्दाम विचारायला सांग. बूट नवे घेणार असशील तर आजच घे आणि अर्धा नंबर मोठे घे. उतरताना अंगठा पुढे आपटून नखं काळी पडतात. ताईला सांग, मी फोन रविवारी करते.

तुझी,
मावशी