कंद मातीतच राहिला

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा येथे एका जैन कुटुंबाचे किराणा व जडीबुटीचे जुने दुकान आहे. घरात कांदा-बटाट्याला मज्जाव. दुकानातील तराजूवर मात्र दरवर्षी अमरकंद तोलला जाई. या विसंगतीकडे लक्ष वेधले ते पाठशाळेत अनंतकायाचा धडा शिकून आलेल्या नातीने. तिने विचारले, “आजोबा, आपण जे खात नाही, ते विकतो कसे?”

शेठजींना उत्तर सुचले नाही. पुढच्या बाजारी सातपुड्यातून कंद घेऊन येणाऱ्या वृद्धेला त्यांनी विचारले, “मावशी, माल कमी का येतो?”

“शेठ, आधी घराजवळ सापडायचा. आता दिवसभर चालावं लागतं.”

अमरकंद ही जमिनीत वाढणारी आमरी. शास्त्रीय नाव युलोफिया ऑक्रिएटा. आमरीच्या एकेका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, परंतु त्यात अन्नाचा साठा नसतो. मातीतील विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच ते रुजते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखले. म्हणूनच बी अमाप आणि रोपे मोजकी. कंद खणणे म्हणजे व्याज नव्हे, मुद्दलच उचलणे. आमरीकुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७३ च्या साइट्स करारानुसार नियंत्रित आहे; गावच्या बाजारात मात्र विवेकाचाच पहारा.

शेठजींनी खरेदी थांबवली आणि शेवटच्या पोत्यातील जिवंत डोळ्यांचे काही कंद परसात लावले. काळ्या मातीत पाणी साचले आणि श्रावणातच ते कुजले. दुसऱ्या वर्षी मावशींनी झाडाच्या मुळाजवळची मूठभर माती आणून दिली. मुरूम, वाळू व पालापाचोळ्याचे खत यांत ती मिसळून उंचवट्यावर वाफा केला. कार्तिकानंतर पाने पिवळी पडली. सुनेने दयेपोटी पाणी घालू नये म्हणून शेठजींनी तिला समजावले, “हे झाड चातुर्मासात जागते आणि उन्हाळाभर मातीत निजते. निजलेल्याला पाणी नको.”

तिसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडावर पिवळ्या फुलांचा तुरा आला. नात धावतच दुकानात सांगायला गेली.

प्रश्न मावशींच्या चुलीचाही होता. खरेदी बंद म्हणून त्यांची मिळकत बुडणे शेठजींना मान्य नव्हते. आता ते त्यांच्याकडून चारोळी, बेहडा व डिंक रोख भावाने घेतात. नफा थोडा घटला आहे. अमरकंद इतर दुकानांत अजूनही विकला जातो, हेही त्यांना ठाऊक आहे.

यंदा वाफ्यातील कंदांना नवे फुटवे आले. त्यांतील तीन वेगळे काढून शेठजींनी ओल्या फडक्यात गुंडाळून मावशींच्या हाती दिले. पैसे विचारताच ते म्हणाले, “मावशी, हे तुमच्याच डोंगरातले. परत नेऊन लावा.”