अजून किती चालू?
'भात कमी करा, रोज चाला,' एवढंच आम्ही वस्तीत सांगायचो. एका आईनं विचारलं, "ताई, चार घरची धुणीभांडी करून येते, अजून किती चालू?" आम्ही गप्प झालो.

अमेरिकेतल्या लॅटिनो मजुरांचाही हाच प्रश्न आहे. तिथल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात थोडं वजन घटवून, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करून मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. पण विमा नसलेल्या शेतमजुरापर्यंत हे पोहोचवतात 'प्रोमोतोरा': त्याच वस्तीतल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या बाया. त्या टॉर्टिया सोडायला लावत नाहीत, आधी घरची अडचण ऐकतात.

आपल्याकडे हे काम आशाताई करतात, तेही तुटपुंज्या मानधनावर. मित्रांनो, रुग्णाच्या जिभेला दोष देण्याआधी त्यांच्या पगारासाठी भांडूया.

जय भीम!