कोणत्या उजेडात

पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य खात्याची माणसं पिशवीतून मासे आणतात आणि टाक्यांत, डबक्यांत, वापरात नसलेल्या विहिरींत सोडून जातात. गप्पी मासे. डासांच्या अळ्या खायच्या, एवढंच त्यांचं आपल्याकडचं काम आणि तेवढीच ओळख. सरकारी कामावर आलेल्याला माहेर असतं, हे कुणाच्या मनात येत नाही.

गप्पीचं माहेर दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात आणि त्याला खेटून असलेल्या त्रिनिदाद बेटावर. बेटाच्या उत्तरेला डोंगररांग आहे, तिच्यावर दाट जंगल, आणि जंगलातून उड्या मारत उतरणारे नितळ ओढे. मादी करडी, साधी. नर तिच्याहून लहान, जेमतेम इंचभर, पण अंगावर नारिंगी, काळे, निळे, चंदेरी ठिपके असे उधळलेले की एकाची नक्षी दुसऱ्याला नाही. मादी बहुधा नारिंगीवर भाळते. पंचाईत अशी, की तो ठिपका शिकारी माशालाही दिसतो. मग दिसायचं कसं आणि लपायचं कसं?

जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी या प्रश्नासाठी मासे तर पाहिलेच, शिवाय जंगलातला उजेडही मोजला. १९९३ साली त्यांनी लिहिलं ते वाचल्यापासून झाडाखालून जाताना माझी मान वर जाते. जंगलात उजेड एक नसतोच. गर्द सावलीत तो पानांतून गाळून हिरवट होतो. झाडी विरळ असून वर आभाळ मोकळं असेल, तर सावली निळसर. पानांच्या फटीतून उतरणारा कवडसा पिवळट-तांबूस. आणि सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना, पहाटे नि तिन्हीसांजेला, सगळीकडे जांभळट. साडीच्या दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता पदर दारापाशी नेऊन बघणाऱ्या बाईला हे नव्याने सांगायला नको. त्या जांभळट उजेडात तांबडंही असतं, निळंही असतं. हिरव्या सावलीत मलूल पडलेला नारिंगी ठिपका आणि त्याच्या शेजारचा निळा, दोन्ही पेटून उठतात.

गप्पीचं प्रियाराधन रंगात येतं ते याच दोन वेळांना. नर मादीच्या पुढ्यात येतो, अंग नागमोडी वळवतो आणि थरथरत राहतो. तिने पाहिलं तर ठीक, नाहीतर पुन्हा. त्या मंद उजेडात मोठे शिकारी मासे फारसे हिंडत नाहीत. चार बोटांवरच्या मादीला ठिपके दिसतात, लांबून येणाऱ्याला ते ओढ्याच्या तळच्या रंगीत खड्यांत मिसळून जातात. एंडलर यांचा हिशेब असा, की या वेळी नर शिकाऱ्यापेक्षा मादीला जास्त उठून दिसतो; भर दुपारी त्याची ही सवलत घटते.

ऊन चढलं आणि आसपास शिकारी असला, की नराचा शिष्टाचारही पातळ होतो. थरथरणं बंद, मागून हळूच येऊन, मादीची संमती न विचारता, काम उरकायचा प्रयत्न. धिप्पाड नर तर प्रखर उजेडात नाच आणखी आखडता घेतात. हे वाचून मला हसू आलं आणि थोडी कीवही. ज्याच्याजवळ दाखवण्यासारखं जास्त, त्यालाच उजेडाचं भय जास्त.

आणखी एक मजा आहे. त्या नारिंगीतला काही भाग माशाला स्वतः करता येत नाही. तो खाण्यातून, मुख्यतः शेवाळातून यावा लागतो. शेवाळाला ऊन लागतं. जिथे झाडी विरळ तिथे दगडांवर शेवाळ जास्त, आणि नराच्या ठिपक्यांत ते रंगद्रव्यही जास्त.

इतक्या नाजूक हिशेबावर चालणारा व्यवहार कुठे बिनसतो, ते आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात दिसतं. तिथे ‘फुरू’ म्हणतात त्या लहान माशांच्या सुमारे पाचशे जाती होत्या. त्यांतल्या दोन अगदी जवळच्या: एकीचा नर निळा, उथळ पाण्यातला; दुसरीचा तांबडा, थोडा खोल राहणारा. गढूळ पाण्यात निळा उजेड वरच अडतो आणि तांबूस तेवढा खाली पोचतो, त्यामुळे ज्याचा रंग जिथे खुलतो तिथे तो. माद्या दोन्हीकडच्या फिक्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. ओले झेहाउजन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं, की नेहमीच्या उजेडात मादी आपल्याच रंगाचा नर निवडते. टाकीवर नुसता नारिंगी उजेड सोडला, की दोन्ही नर तिला सारखे. त्यांची मिश्र पिल्लंही धडधाकट निपजतात, पुढे वंश वाढवतात. मधली भिंत होती ती मादीच्या नजरेची.

सरोवराभोवतीची जंगलं तुटली, शेतांतली माती आणि सांडपाणी पाण्यात उतरलं, शेवाळ माजलं, पाणी गढुळलं. फुरूंच्या ऱ्हासाचं खापर फुटतं ते बाहेरून आणून सोडलेल्या ‘सांगारा’ नावाच्या दांडग्या माशावर, आणि त्याने खाल्लंही अफाट. पण गढूळ पाण्याचाही त्यात हात आहे. टांझानियातल्या म्वांझाच्या आखाताकडे, माकोबे बेटापाशी पाणी अजून बरंच नितळ आहे. तिथे तांबडे आणि निळे वेगळे राहतात. आखातात आत, लुआन्सो बेटाच्या गढूळ पाण्यात नर बहुतेक अधल्यामधल्या रंगाचे, आणि दोन जाती अशा काही वेगळ्या काढता येत नाहीत. मासे तिथेही आहेत, फक्त वेगळेपण राहिलं नाही.