तोडीचा शेजार

गोदावरीकाठी मासळी बाजारात ‘चिलापी’ म्हणून जो मासा मिळतो तो मूळचा आपला नव्हे, आफ्रिकेचा. १९५२ साली त्याला भारतात आणले. आपल्या कटला-रोहूच्या शेजारी तो राहील की नाही, हा विचार फारसा कुणी केला नसावा. नर तळाशी खड्डा करून त्याची राखण करतो, मादी अंडी तोंडात सांभाळते. वीण अशी वाढली की तो तळ्यांत डोईजड झाला. १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी आली, पण तोवर तो ठिकठिकाणी पोचला होता.

त्याच्याच सिक्लिड कुळातले, मलावी सरोवरातले निळे-पिवळे मासे माझ्या धाकट्या भावाने नांदेडच्या घरी काचेच्या पेटीत पाळले. दहावीनंतर तो शिकवणीसाठी लातूरला गेला आणि पेटी माझ्याकडे आली. मासे दिवसभर एकमेकांच्या अंगावर धावत. आई म्हणाली, “एखादा गरीब गोल्डफिश सोड ग त्यांच्यात, म्हणजे शांत होतील.”

भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, गरिबाचा तिथे जीव जाईल. त्यांच्याच तोडीचा आण.”

मग त्याने एकेक गोष्ट सांगितली. सोबती आकाराने सारखा हवा, पण रंगाने वेगळा. कारण नर सर्वांत जास्त चिडतो तो आपल्यासारख्याच दिसणाऱ्यावर. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात, म्हणजे एकीलाच छळ सोसावा लागत नाही. आहारही जुळला पाहिजे. खडकावरचे शेवाळ खाणाऱ्यांना मांसाहाऱ्यांचे खाणे बाधते. पळणाऱ्याला नजरेआड होता यावे म्हणून दगडांच्या कपारी भरपूर हव्यात. पाण्याची मात्र चिंता नव्हती. ज्याने आमच्या माठाला पांढरा थर चढतो, ते बोअरचे जड पाणी या माशांना मानवते.

शेवटची गोष्ट मला फार आवडली. नवा मासा सोडण्याआधी सगळे दगड हलवायचे. जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नवे होतात.

गोल्डफिश आणला नाही. पेटीत अजून धावाधाव चालते; पण कुणाचे पर कुरतडलेले नाहीत.

लातूरच्या त्या खोलीत आता चौघे राहतात. कंधारचा नवा मुलगा आला, त्या दिवशी भावाने आधी सगळ्यांच्या खाटा हलवल्या.