टपावरची होडी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला बेळगावात दोन प्रश्न हमखास विचारतात. 'काय काय बघितलं?' आणि 'जेवणाचं कसं केलं?' दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. जोंधळ्याचं पीठ तिथंही मिळतं आणि लेकीला भाकरी येते. पहिल्या प्रश्नाला मात्र मी अडखळतो. कारण तीन महिन्यांत मी सगळ्यात जास्त वेळ काय बघितलं असेल, तर एका होडीचं पोट. तेही मोटारीच्या टपावर पालथं पडलेलं.

माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते, नोकरी करते. चार्ल्स नदीकाठच्या एका क्लबात तिची एक होडी आहे. 2021 मध्ये तिनं ती जुनी विकत घेतली. होडी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोळ्याची होडी येते, पण ही तशी नव्हे. ही एका माणसानं दोन वल्ह्यांनी मारायची शर्यतीची होडी. लांबी सत्तावीस फूट, म्हणजे आमच्या शहापुरातल्या घराचा सोपा आणि स्वयंपाकघर मिळून होईल एवढी. पाण्याशी रुंदी मात्र जेमतेम एक फूट. आणि वजन किती, तर पंधरा-सोळा किलो. भरल्या गॅस सिलिंडरच्या निम्मं. कार्बनच्या धाग्यांचे दोन पातळ थर आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी, अशी तिची बांधणी. जोरात अंगठा दाबला तरी खळगा पडेल.

खरं सांगायचं तर मी अमेरिकेला गेलो होतो तो हे होडीप्रकरण बंद करायला.

मी नऊ वर्षांचा असताना माझा थोरला भाऊ खानापुरात मलप्रभेत वाहून गेला. श्रावणाचे दिवस होते. त्याला पोहता येत होतं. त्यानंतर आमच्या घरात कुणी नदीत उतरलं नाही. लेकीला मी कधी पोहायलाही पाठवलं नाही. राकसकोपला सहल निघाली तर त्या दिवशी तिला ताप यायचा. तो ताप मीच आणायचो. पुढं ती इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. तिथं कॉलेजचा बोट क्लब मुळा-मुठेच्या संगमाजवळ आहे. ती आधी पोहायला शिकली, मग वल्हं मारायला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला कळलं तीन वर्षांपूर्वी, हिची अव्वा गेल्यानंतर. तेव्हा ती म्हणाली, 'अप्पा, मी रोज सकाळी नदीवर जाते, तेवढा वेळ बरं वाटतं.' दुःखाचं घर होतं, मी गप्प बसलो. पण बेळगावात रोज रात्री साडेतीनला मला जाग यायला लागली. तिथं ती संध्याकाळची वेळ, ती सुखरूप ऑफिसातून घरी निघालेली असायची. तरी जाग यायची.

गेल्या सप्टेंबरात मी तिथं असताना तिनं एका शर्यतीत नाव घातलं. व्हरमाँट राज्यात पटनी गावाजवळ, कनेक्टिकट नदीवर. घरापासून साधारण 115 मैल. होडी स्वतःच न्यायची होती. नेहमी तिची एक मैत्रीण दुसरं टोक धरायची, ती नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात गेलेली. लेक म्हणाली, 'अप्पा, एक टोक धराल?'

नाही कसं म्हणणार? मनात म्हटलं, वाटेत बोलू.

पहाटे साडेचारला आम्ही क्लबावर पोचलो. होडी उचलणं म्हणजे वजनाचं काम नव्हे, अंदाजाचं काम आहे. तुम्ही पुढं एक पाऊल वळलात की सत्तावीस फुटांवरचं टोक मागं कुठल्या तरी खांबाला जाऊन भिडतं. म्हणून दोघांतल्या एकानंच हुकूम द्यायचे, दुसऱ्यानं ऐकायचं. ती पुढं होती. तिनं हुकूम दिला, 'एत्त्री!'

मी चमकलो. ती माझ्याशी आयुष्यभर मराठीत बोलली आहे. कानडी ती अव्वेशी बोलायची. पण आमच्या घरात काही अवजड हलवायचं असलं, कपाट म्हणा, पाण्याचं पिंप म्हणा, की हुकूम अव्वेचा आणि तो कानडीत. ती म्हणायची, 'मराठीत सांगितलं तर तुम्ही वाद घालता.' त्या पहाटे लेक तेच शब्द, त्याच सुरात म्हणत होती. 'एत्त्री. सावकाश. निंद्री. सावकाश. इळस्री.' सावकाश हा शब्द मराठी की कानडी, यावरून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. तो दोघांचाही होता.

होडी टपावरच्या दोन आडव्या दांड्यांवर पालथी बसली. दोन्ही बाजूंना पसरणारे तिचे ॲल्युमिनियमचे हात पान्यानं सोडवून आत ठेवले. वल्ही साडेनऊ फुटांची, तीही टपावर. गाडी विजेवरची, लहानशी. वर काचेचं छत आणि दांड्या जवळजवळ. त्यामुळं होडीची टोकं वाऱ्यानं नाचतात. म्हणून पुढचं आणि मागचं टोकही खाली बांधावं लागतं. नव्या गाड्यांना दोर अडकवायला बंपरच उघडा नसतो. लेकीनं बॉनेटखालच्या बोल्टला पट्ट्याचे दोन फास अडकवले होते, ते बाहेर काढून त्यात दोरी ओवली.

मधले पट्टे आवळायचं काम मी घेतलं. रविवार पेठेत अडत दुकानात चाळीस वर्षं हिशेब लिहिले, लॉरीवर पोती बांधताना रोज बघितली. हमाल चाकावर पाय रोवून दोर खेचायचे. मीही गाडीच्या चाकावर पाय लावला.

'अप्पा, नको!' ती धावत आली. 'एवढं आवळलं तर ती तडकेल. हातानं ओढून जेवढं बसेल तेवढंच. हलता कामा नये, पण दबताही कामा नये.'

तिनं पट्टा सैल करून माझ्या हातात परत दिला. मी पुन्हा बांधला, ती बघत राहिली.

मग तिनं डिकीतून एक कापड काढलं. सामान मागं चार फुटांहून जास्त बाहेर आलं तर टोकाला लाल फडकं लावायचं, असा तिथल्या बऱ्याच राज्यांत नियम आहे. ती टोकाला गाठ मारत होती आणि मी दिव्याच्या उजेडात बघत होतो. लाल रेशीम. त्यावर पांढरी शिखरं, एकाशेजारी एक. इरकलीचा पदर. हा पदर मी ओळखणार नाही? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मीच ते लुगडं घेतलं होतं.

'हे कुठून आलं?'

'अव्वेनं पाठवलं होतं.' ती गाठीकडंच बघत होती. 'होडी घेतली तेव्हा. मी म्हटलं, लाल कापड लागतं. तर म्हणाली, दुकानातलं कशाला, लुगडं विरलंय पण पदर चांगला आहे.'

मी गाडीत जाऊन बसलो.

विजेच्या गाडीचा एक गुण म्हणा, एक दोष म्हणा. आवाज नसतो. इंजिनाच्या घरघरीत माणसाला गप्प बसता येतं. इथं गप्प बसलं की ते ऐकू येतं. आम्ही पश्चिमेकडं निघालो होतो. पंधरा मिनिटांनी डोक्यावर गूं गूं असा सूर सुरू झाला. मी घाबरलो. लेकीनं गाडी बाजूला घेतली, उतरून एका पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला आणि परत आली. सपाट पट्टा वाऱ्यावर तारेसारखा वाजतो, पीळ दिला की गप्प होतो. सूर थांबला. मग मीच विचारलं,

'तिला कधीपासून माहीत होतं?'

'पहिल्या वर्षापासून. मी पुण्यात पहिल्यांदा पाण्यात पडले, त्या रात्री फोन केला होता. खूप रागावली. नंतर म्हणाली, पोहणं पक्कं कर आणि अप्पांना मी सांगीन.'

तिनं मला कधीच सांगितलं नाही. मला 2016 आठवलं. रिओ ऑलिंपिकच्या वेळी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळची बातमी मी हिला मोठ्यानं वाचून दाखवली होती. विहिरी खणणारा पोरगा, सैन्यात जाऊन वल्हं मारायला शिकतो आणि एकट्याच्या होडीत जगात तेरावा येतो. मी म्हटलं होतं, याला म्हणतात जिद्द! ही तांदूळ निवडत होती. 'हौद्री, छलो आत,' एवढंच म्हणाली आणि हसली. तेव्हा आमची मुलगी पुण्यात तिसऱ्या वर्षाला होती.

मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण ज्याच्यावर करायचा ते माणूस नाही. आणि तिनं लपवलं ते का, हे मला विचारावं लागलं नाही. साडेतीनच्या जागरणाची सात-आठ वर्षं तिनं मला वाचवली होती. ती स्वतः जागली असणार.

लेक गाडी ताशी 55 मैलांवर चालवत होती. मागचे सगळे आम्हाला ओलांडून जात होते. मी म्हटलं, जरा जोरात घे. तर म्हणाली, हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. 65 वरून 55 वर आलं की तो चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो. टपावर होडी असली की बॅटरी तशीही लवकर उतरते. तिच्या अनुभवानं शंभर मैलांच्या जागी ऐंशी-पंच्याऐंशीच मिळतात. म्हणून वाटेत चार्जिंग ठरलेलंच होतं.

तिथं खरी गंमत. चार्जिंगच्या जागेत गाडी मागं घेत खांबाजवळ न्यायची असते. पण आमच्या गाडीच्या मागं सहा फूट होडी! मागं घेतली तर होडी खांबावर. पुढून घातली तर वायर पोचेना. शेवटी कडेची दोन ठाणी मोकळी बघून लेकीनं गाडी आडवी लावायचं ठरवलं. मी खाली उतरून एस.टी.च्या कंडक्टरसारखा ओरडलो, 'येऊ द्या, येऊ द्या, थांबा!' आम्ही दुसऱ्याची जागा अडवली होती, म्हणून ती पंचवीस मिनिटं मी बाहेरच उभा राहिलो. कुणी आलं असतं तर लगेच गाडी काढली असती. कुणी आलं नाही. उजाडत होतं. पदर वाऱ्यावर हलत होता.

पटनीला नदी शांत होती, दोन्ही काठांची झाडं लाल-पिवळी व्हायला लागलेली. लेक म्हणाली, 'अप्पा, ही पण सीमेवरची नदी. अलीकडं व्हरमाँट, पलीकडं न्यू हॅम्पशर.' सीमा म्हटलं की बेळगावकराचे कान टवकारतातच. म्हटलं, मग पाणी कुणाचं? तर 1933 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय. व्हरमाँटची हद्द पाणी ओसरल्यावर दिसणाऱ्या काठापर्यंत, पाणी सगळं न्यू हॅम्पशरचं. होड्या मात्र दोन्हीकडच्या चालतात.

होडी उतरवली, हात जोडले, सरकती बैठक बसवली. ती पाण्यात बसताना मी काठावर होडीचं टोक धरून उभा होतो. वाटेत बोलायचं ठरवलेलं काहीच बोललो नव्हतो. एवढंच विचारलं, 'उलटली तर?'

'होडी बुडत नाही, आत हवेचे बंद कप्पे आहेत. उलटली तर होडीला धरून राहायचं, सोडून पोहायला जायचं नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात.'

माझ्या भावाला धरायला काही नव्हतं. हे मी तिला बोललो नाही, तिला ते ठाऊक असावं.

'सोडा अप्पा,' ती म्हणाली.

मी सोडली.

त्या शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. एकामागून एक सोडतात आणि घड्याळ लावतात. त्यामुळं कोण पुढं हे काठावरच्याला कळत नाही. मला कळून घ्यायचंही नव्हतं. मी फक्त ती परत यायची वाट बघत होतो. ती आली, लाल तोंडानं, धापा टाकत, हसत. गटात मधलाच कुठलासा नंबर होता.

परतीला पट्टे मी बांधले. हातानं ओढून जेवढे बसले तेवढेच, मधल्या पट्ट्याला एक पीळ. मागच्या टोकाला पदराची गाठही मीच मारली. लेक वल्ही पुसत होती, तिनं तपासून बघितलं नाही.

परत आल्यावर मी अव्वेचं कपाट उघडलं. ते इरकलीचं लुगडं तळाशी होतं, पदर अर्धा कापलेला. कात्री सरळ चालवलेली, कडेला बारीक टीपही घातलेली, धागे सुटू नयेत म्हणून. टपावरचा तुकडा तीन-चार वर्षांच्या उन्हावाऱ्यानं फिका पडलाय, हे मी बघून आलो आहे. उरलेल्या पदरात अजून दोन तुकडे निघतील. शिलाई मशीन मला येत नाही, म्हणून शेजारच्या वहिनींकडून टीप घालून घेतली आहे. त्यांनी विचारलं, हे कशासाठी? म्हटलं, होडीला.

रात्री साडेतीनला जाग अजून येते. मग थोडं पाणी पितो आणि झोपतो. पार्सल सोमवारी पाठवणार आहे.